खाली तिरका, वर सरळ

अर्धा ग्रॅम आयबीए मोजायला
आमच्या नर्सरीत काटा नव्हता.
निजामभाई शिकलगार मला घेऊन जायचे
विट्याच्या पेठेत, साळुंख्यांच्या गलाईच्या दुकानी,
जिथं सोन्याची धूळसुद्धा
पंखा बंद करून मोजतात.
कागदावर पांढरी पूड पडायची.
साळुंखे दर खेपेला विचारायचे, "हिचा भाव काय?"
भाई म्हणायचे, "रुजली तर सांगतो."

पूड आधी स्पिरिटात विरघळवायची, मग पाणी.
काडीचा बुडखा त्यात पाच आकडे मोजून.
सहाव्याला भाई ओरडायचे,
"औषध आहे गं, लोणचं नाही घालायचं!"
आणि कापताना खाली तिरका, वर सरळ.
नाहीतर ढिगात कळत नाही
आभाळ कुठल्या टोकाला होतं.

काडीला मात्र कळतं.
शेंड्याच्या कोवळ्या डोळ्यात काहीतरी तयार होतं,
ते सालीआडून उतरत राहतं, बुडाकडे,
काडी उलटी खोचली तरी
आपल्या जुन्या बुडाकडेच.
कापलं तिथं वाट संपते.
तिथं ते साचतं,
आणि लाकूड व्हायच्या बेतात असलेल्या पेशींना
काही वेगळंच सांगतं.
काय, ते मला माहीत नाही.
भाईंना नाव तेवढं माहीत होतं, ऑक्झिन.
बाटलीतलं आयबीए त्याचं मावसभावंड.

एका मार्गशीर्षात मालन हजारे आली.
नवऱ्याचं दुकान सेलमला,
रात्री आठची ट्रॅव्हल्स.
पिशवीतून ओल्या वर्तमानपत्राची सुरळी काढली,
भाळवणीच्या परसातलं डाळिंब,
आंबट, बियाळ, बाजारात कुणी हात न लावणारं.
वाटणीची भिंत नेमकी त्याच्यावरनं गेली.
तीन काड्या, कोयत्यानं तोडलेल्या,
दोन्ही टोकं सारखीच ठेचलेली, पान एक नाही.
"वर कुठलं?" मी विचारलं.
ती काड्यांकडे बघत राहिली.
"मला काय ठाऊक. घाईत उचलल्या."

भाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
काडी डोळ्यांशी नेऊन तिच्यावर नख फिरवलं.
पान गळतं तिथं व्रण राहतो,
आणि डोळा असतो व्रणाच्या वर.
"हे वर," ते म्हणाले,
आणि तिला बाटली धरायला दिली.
ती मोजू लागली,
ओन्नु, रेंडु, मूणु, नालु, अंजु.
आपण कुठल्या भाषेत मोजलं
हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पहिली काडी बाराव्या दिवशी काळी.
दुसरीच्या बुडाला पांढरी गाठ आली, फुगली.
फोनवर मालन म्हणाली, "आली ना मुळं?"
"गाठ आली," मी म्हटलं. "गाठ म्हणजे मूळ नव्हे."
दोन महिने ती गाठच राहिली.
तिसरीला आम्ही विसरलो होतो.
भाईंनी चौतिसाव्या दिवशी हलकेच ओढून पाहिली,
तिनं उलट ओढलं.

पिशवीत लावली, पिशवी फाटकापाशी ठेवली,
मालन आली की न्यायला.
तिच्या पोरीची दहावी झाली, मग बारावी.
भाईंचे डोळे गेले; ते आता घरीच असतात,
काटा मी गेल्या वर्षी विकत घेतला.
यंदा पिशवी उचलायला गेले तर उचलेना.
प्लॅस्टिक फोडून मुळं
लेंगरे रस्त्याच्या मुरमात गेली होती.

मालनला कळवलं, "आता न्यायचं तर तोडावं लागेल."
ती बराच वेळ गप्प. मागं कुणीतरी तमिळमध्ये भाव विचारत होतं.
मग म्हणाली, "एक काडी दे पाठवून."

कापली.
खाली तिरका, वर सरळ.
वर्तमानपत्र भिजवलं, सुरळी केली,
ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात देताना
त्यानं विचारलं, "आडवी ठेवू का उभी?"
म्हटलं, "कशीही ठेव, बाबा.
तिला माहितेय."